आधी भिंत, मग महोत्सव

पत्र

नमस्कार. मी कुडाळ तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या पंचक्रोशीत तिघंजण कॉमिक्स काढतात. एक आयटीआयला जाणारा मुलगा आहे, त्याच्या गोष्टीचा नायक दशावतारात स्त्रीपात्र करणारा नट. एक मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती आजीकडून ऐकलेल्या भुताखेतांच्या गोष्टी चित्रांतून सांगते. तिसरे एक रिक्षावाले काका, ते चार चौकटींत गावातल्या गमती काढतात. तिघंही मोबाइलवर टाकतात, लांबलांबचे लोक कौतुक करतात, पण गावात कुणाला पत्ता नाही.

एका देणगीदाराने आम्हाला २५,००० रुपये दिले आहेत. मे महिन्यात दोन दिवसांचा कॉमिक्स महोत्सव करावा, पुण्या-मुंबईचे एखादे नामवंत व्यंगचित्रकार बोलवावेत असं माझ्या मनात आहे. पण कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात, कॉमिक्स म्हणजे वाचन नव्हे, वाचनालयाचा पैसा त्यावर कशाला? शिवाय एका दुकानदाराला तिघांची चित्रं कॅलेंडरवर हवी आहेत. पैसे देणार नाही, प्रसिद्धी मिळेल म्हणतो. आणि तिघांनाही पडलेला प्रश्न असा, की मालवणीत लिहायचं की शाळेतल्या मराठीत? मी काय करू?

एक ग्रंथपाल, कुडाळ तालुका


उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य म्हणजे ‘गावात कुणाला पत्ता नाही’. खरी अडचण तुम्ही नेमकी ओळखली आहे. मात्र महोत्सवाने ती सुटणार नाही, निदान आत्ता तरी नाही.

पंचवीस हजारांत दोन दिवसांचा कार्यक्रम कसा होतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. मांडव, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचा प्रवास आणि मुक्काम, शाल-श्रीफळ, चहा-नाश्ता, फ्लेक्स. लोक येतील, पाहुण्यांचं भाषण ऐकतील, त्यांच्याबरोबर फोटो काढतील आणि घरी जातील. तुमचे तिघं कोपऱ्यातल्या टेबलामागे उभे असतील आणि त्या टेबलावर विकायला काहीच नसेल, कारण सगळं मोबाइलमध्ये. तिसऱ्या दिवशी गाव होतं तिथेच.

कॉमिक्स काढणाऱ्याला हवा असतो पुढच्या भागाची वाट पाहणारा वाचक, आणि असा वाचक नियमितपणाने तयार होतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. घराघरांतली माणसं त्याला ओळखू लागली, कारण तो रोज सकाळी दारात येऊन पडत होता. आज आवडला नाही तरी उद्या होताच. तिकडे बंगालमध्ये हावड्याचे नारायण देबनाथ यांनी ‘शुकतारा’ मासिकात १९६२ मध्ये हांदा-भोंदा ही जोडी आणली, १९६५ मध्ये बाँटुल आणला, आणि पुढे कित्येक दशकं ते महिन्याच्या महिन्याला काढत राहिले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा नातवंडांइतकाच आजोबांनाही आनंद झाला, कारण दोन्ही पिढ्या त्यांच्याच चित्रांवर वाढल्या होत्या. तुमच्या गावात वर्तमानपत्र निघत नाही, मासिकही नाही. पण भिंती आहेत.

दिल्लीच्या शरद शर्मांनी ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’च्या माध्यमातून गावोगावच्या साध्या माणसांना भित्तिकॉमिक्स काढायला शिकवलं. त्यांची पद्धत इतकी सोपी आहे की तुम्ही ती येत्या आठवड्यात वापरू शकता. ए-फोर आकाराचे दोन कागद जोडायचे, त्यावर चार मोठ्या चौकटी आखायच्या, एक पूर्ण गोष्ट काळ्या शाईने काढायची. मूळ प्रत जपून ठेवायची, झेरॉक्स काढायच्या, जोडून चिकटवायच्या. रंग नाही, छापखाना नाही. अक्षर मात्र हातभर अंतरावरून वाचता यावं एवढं मोठं हवं, आणि कागद उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. वर लावला तर मान वर करून कुणी वाचत नाही.

जागा निवडताना एकच बघा, माणूस तिथे नाइलाजाने थांबतो का? एसटी स्टँड, रेशनचं दुकान, पिठाची गिरण, केशकर्तनालय, प्राथमिक आरोग्य केंद्राचा बाकडा, ग्रामपंचायतीचा व्हरांडा. वाचनालयाची भिंत शेवटी, तिथे येणारा वाचतोच आहे. प्रत्येक ठिकाणी आधी विचारा. स्टँडवर स्थानकप्रमुखांची परवानगी लागेल, दुकानदाराला नुसतं सांगितलं तरी पुरेल. आपल्याकडच्या पावसात बाहेर लावलेला कागद दोन दिवस टिकत नाही, तेव्हा सप्टेंबर संपेपर्यंत छपराखालच्याच जागा धरा आणि वर प्लास्टिक लावा.

दर महिन्याच्या एक तारखेला नवा कागद लागला पाहिजे, पाच तारखेला नव्हे. आणि पात्रं तीच ठेवायची. आयटीआयच्या मुलाचा दशावतारी नट प्रत्येक कागदावर यायला हवा. एक तारखेला गिरणवाल्याने ‘अजून नवीन नाही लागला?’ असं विचारलं की समजा काम सुरू झालं. त्या प्रश्नाला किती महिने लागतील हे मी सांगणार नाही, पण तोवर थांबायची तयारी ठेवा.

आता पैसा. ऑगस्टपासून मेपर्यंत दहा महिने धरा. तिघांनी महिन्याला एकेक कागद काढायचा आणि प्रत्येकाला कागदामागे ५०० रुपये मानधन द्यायचं, म्हणजे १५,००० रुपये. पंधरा ठिकाणी तीन-तीन कागद लावायचे तर महिन्याला ९० झेरॉक्स. पानाला दोन रुपये धरले तरी दहा महिन्यांचे १,८०० होतात. उरलेले ८,२०० पुस्तिकांसाठी आणि मेमधल्या प्रदर्शनासाठी. पाचशे रुपये फार नाहीत, मला मान्य आहे. पण ते वेळेवर आणि न मागता मिळाले पाहिजेत. चित्र काढणारा आवडीने काढतो म्हणून त्याला फुकट राबवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. मांडव घालणाऱ्याला आपण आगाऊ रक्कम देतो आणि चित्रकाराला ‘तुझीच जाहिरात’ म्हणतो. तुमच्या वाचनालयाने तरी हे करू नये.

नावाचा मुद्दाही इथेच सांगते. तुमच्या वाचकांना सुपंडी ठाऊक असतो, शिकारी शंभू ठाऊक असतो. राम वाईरकर आणि वसंत हळबे ही नावं किती जणांना ठाऊक असतात? ज्या हातांनी ही पात्रं ‘टिंकल’च्या पानांवर उभी केली, ते हे हात. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी ‘अमर चित्र कथा’साठी किती पुस्तकं रेखाटली, पुढे हिंदी कॉमिक्समधल्या नागराज या नायकालाही सुरुवातीचं रूप दिलं, आणि त्यांच्याच शहरातल्या मुलांना ते नाव सांगता येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून तुमच्या प्रत्येक कागदावर चित्रकाराचं नाव आणि गाव वर, शीर्षकाच्या शेजारी, ठसठशीत हवं. कोपऱ्यात बारीक सही नको. संपर्कासाठी मात्र वाचनालयाचा पत्ता द्या, मुलीचा मोबाइल नंबर एसटी स्टँडच्या भिंतीवर लावू नका.

रिक्षावाल्या काकांच्या गमतींबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. गावातल्या चार चौकटी म्हणजे कधी ना कधी पाणीपुरवठा, रस्ता, ग्रामसभा हे विषय येणार, आणि यायलाच हवेत. भित्तिकॉमिक्सची ताकदच ती आहे. वर्तमानपत्रात न येणारी तक्रार त्यात येते. नळाला चार दिवस पाणी नाही हे जरूर काढा. पण अमक्याची सून, तमक्याचा बांध, कुणाचं दारूचं व्यसन असं ओळखू येणारं घर नको. मोबाइलवरचं चित्र खाली सरकून जातं, भिंतीवरचं महिनाभर राहतं, आणि त्या घरातल्या माणसांना त्यासमोरूनच बाजारात जावं लागतं. कागद लावण्यापूर्वी तिघांनी एकमेकांचा कागद वाचावा, एवढी व्यवस्था पुरे. कार्यकारिणीच्या मंजुरीची पद्धत पाडू नका, नाहीतर तीन महिन्यांत सगळ्या गोष्टी स्वच्छता आणि वृक्षारोपणावर येतील.

त्या ज्येष्ठ सदस्यांशी वाद घालू नका. त्यांना पिंगुळीला घेऊन जा. कुडाळच्या अगदी शेजारी आहे, एका सकाळचं काम. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवलेले असतात, एकेक चित्र समोर धरून गात गात कथा पुढे न्यायची. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एकापुढे एक चित्र ठेवून गोष्ट सांगणं हे तुमच्याच तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. ते त्या सदस्यांनी प्रत्यक्ष पाहिलं की माझ्या दहा युक्तिवादांचं काम होईल. हवं तर आणखी एक विचारा, दिवाळी अंक हातात आला की ते आधी काय उघडतात? १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण हे अंक वाचतो आहोत. शि. द. फडणिसांच्या शब्दाविना हसवणाऱ्या मुखपृष्ठांवर जी पिढी वाढली, तिने चित्र वाचणं म्हणजे वाचन नव्हे असं म्हणू नये.

एक गोष्ट मात्र त्यांना पटवण्यासाठीसुद्धा म्हणू नका. ‘कॉमिक्सच्या निमित्ताने मुलं पुस्तकांकडे वळतील’ असं आपण फार सहज बोलतो. काही वळतीलही. पण असं म्हटलं की कॉमिक्स ही पायरी ठरते, आणि पायरीवर कुणी खर्च करत नाही. दशावतारी नट रंग पुसून पहाटे एसटीने घरी निघाला आहे आणि कुंकवाचा ठिपका पुसायचा राहिला आहे, हे त्या मुलाने एका चौकटीत दाखवलं तर त्यासाठी लेखकाला दोन परिच्छेद लागतील आणि तरी ते तसं दिसणार नाही. फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर २०११ मध्ये एक आख्खी चित्रकादंबरी निघाली, आंबेडकरांच्या जीवनावर गोंड चित्रकारांनी केलेलं ‘भीमायन’ही त्याच वर्षीचं. विषय आपले, माणसं आपली, आणि दोन्ही पुस्तकं आधी इंग्रजीत आली. गंभीर विषय कॉमिक्सला पेलतो की नाही याचं उत्तर त्यात आहे. मराठीत असं काही मुळातून का होत नाही, हा विचार त्या सदस्यांच्या वयाच्या माणसांनीच करायला हवा.

वाचनालयात कॉमिक्सचं कपाट वेगळं करा. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युई पद्धतीत ७४१.५ हा वर्गांक त्यासाठी आहेच, बालविभागात कोंबायची गरज नाही. पुस्तकं कणा दाखवत नको, तोंड दाखवत ठेवा. घरी न्यायला द्या. फाटतील. खूप वाचलेलं कॉमिक्स फाटतंच, चिकटपट्टीचा खर्च धरून ठेवा.

चार-पाच कागद झाले की प्रत्येकाची एक छोटी पुस्तिका काढता येईल. ए-फोर कागद मधोमध दुमडून पिना मारायच्या, म्हणजे पानांची संख्या चारच्या पटीत हवी. चार कागदांत सोळा पानं होतात. पहिल्यांदा पन्नास प्रती, फार तर शंभर. ऑफसेटवाला सांगेल की हजार काढल्या तर प्रत किती स्वस्त पडते, आणि ते खरं आहे. पण उरलेल्या नऊशे प्रती त्या मुलीच्या घरी पलंगाखाली जातात आणि दुसरं पुस्तक काढायची हिंमत त्यांच्याखालीच दबते. पन्नास संपल्या की पुन्हा पन्नास. तीस-चाळीस रुपये किंमत ठेवा आणि फुकट वाटू नका. वाचनालयाने प्रत्येकाच्या पाच प्रती पूर्ण किमतीला विकत घ्याव्यात, हे पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच व्हा. मग गावच्या जत्रेत, रात्री दशावताराचं नाटक उभं राहण्यापूर्वी, खाजेवाल्याच्या शेजारी एक टेबल टाका. आंगणेवाडीसारख्या मोठ्या जत्रेत पहिल्याच वर्षी जाऊ नका, त्या गर्दीत पन्नास पुस्तिका दिसायच्याही नाहीत. वाडीवरची जत्रा बरी, तिथे ‘ह्यो आमचोच झील’, म्हणजे आपलाच पोरगा, म्हणून चार माणसं थांबतील.

अक्षरांबद्दल एक तांत्रिक सूचना तिघांनाही द्या, कारण मराठी कॉमिक्स इथेच बिघडतात. आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त सोडावी लागते. इंग्रजी कॉमिक्स बघून फुगा काढला की तो हमखास अपुरा पडतो. आधी मजकूर लिहायचा, मग त्याभोवती फुगा, मग चित्र. हाताने लिहिलेलं सर्वांत चांगलं. अक्षर वाईटच असेल तर मुंबईच्या ‘एक टाईप’ने केलेला ‘बालू’ हा देवनागरी फॉन्ट मोफत मिळतो आणि फुग्यात शोभतो.

दुकानदाराला नाही म्हणा. किंवा असं म्हणा, की कॅलेंडरला अमुक रुपये, एकाच वर्षासाठी, प्रत्येक पानावर चित्रकाराचं नाव. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं त्या क्षणापासून हक्क सहसा चित्रकाराचा असतो, नोंदणी केली नसली तरी. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. आणि कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. म्हणून साध्या कागदावर का होईना, मुदत, जागा आणि रक्कम या तिन्ही गोष्टी लिहून घ्या. तुमच्या वाचनालयालाही हेच लागू. मानधन दिलं म्हणून पात्रं वाचनालयाची होऊ नयेत. दशावतारी नट त्या मुलाचाच राहील, उद्या त्याला मोठा प्रकाशक मिळाला तर तो तुम्हाला न विचारता जाऊ शकेल, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या.

मालवणीबद्दल मला जराही शंका नाही. मालवणीत लिहा. ‘वस्त्रहरण’ हे नाटक मालवणीत होतं आणि ते साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. इंद्रजाल कॉमिक्समधून जंगलातला वेताळ, म्हणजे परदेशी फँटम, मराठीत बोलायचा, ते आम्हाला विचित्र वाटलं नाही. मग कुडाळच्या बाजारात दोन माणसं भेटल्यावर ‘खंय जातंस?’ असं म्हणाली तर कुणाला का खटकावं? चित्र सोबत असतं, त्यामुळे नाशिकच्या वाचकालाही अर्थ लागतो. शाळेतली मराठी निवेदनाच्या पट्टीत ठेवा, बोलणं फुग्यात मालवणीत. आजीच्या भुतांच्या गोष्टींत तर दुसरा पर्यायच नाही. फक्त तिघांनी मालवणी कशी लिहायची हे आपसांत एकदा ठरवून घ्यावं, म्हणजे एकच शब्द तीन कागदांवर तीन तऱ्हांनी दिसणार नाही.

मुलांसाठी कार्यशाळा घ्यायचीच असेल तर दिवाळीच्या सुट्टीत एक दुपार पुरते. एक ए-फोर कागद, मध्ये एक काप, आठ पानांची चिमुकली वही तयार होते. शिकवायला बाहेरून कुणी नको, तुमचे तिघंच शिकवतील, आणि त्याचं वेगळं मानधन. रिक्षावाल्या काकांना ‘सर’ म्हणून हाक मारणारी वीस पोरं गावात फिरू लागली की त्यांच्या कामाकडे बघण्याची मोठ्यांची नजरही बदलते.

आणि मे महिना. तोवर तुमच्याकडे तीस कागद, तीन पुस्तिका आणि पात्रांना नावाने ओळखणारं गाव असेल. चाकरमानी सुट्टीला आलेले असतात, वाचनालयात संध्याकाळी माणसं असतात, आणि ५ मे हा व्यंगचित्रकार दिन म्हणूनही साजरा होतो. त्या दिवशी एक संध्याकाळ ठेवा. तीसही कागद क्रमाने भिंतीवर लावा, पुस्तिका विका, तिघांना आपापली एकेक गोष्ट मोठ्याने वाचायला लावा. तेव्हा पुण्या-मुंबईच्या व्यंगचित्रकारांना जरूर बोलवा. पण पत्रात त्यांना लिहा, की भाषणासाठी नव्हे, आमच्या तिघांची पानं बघून चौकटी-चौकटीवर बोलायला या. भला चित्रकार या निमंत्रणाने जास्त खूश होईल. निमंत्रणपत्रिकेवर वरच्या ओळीत तिघांची नावं घाला, पाहुण्यांचं खाली.